रात्री साडेदहाचा डबा : वजन कमी करताना मनासाठीचं खाणं कसं आवरायचं

रात्रीचे साडेदहा. ओटा पुसून झालाय, मुलं झोपलीत, टीव्हीचा आवाज बारीक केलाय. आठ वाजता दोन फुलके, वाटीभर मुगाची उसळ आणि काकडी असं आहाराच्या तक्त्याबरहुकूम जेवणही झालंय. तरी पाय फडताळाकडे वळतात. दिवा न लावताच चिवड्याचा डबा उघडला जातो. एक मूठ, दुसरी मूठ. पाचव्या-सहाव्या मुठीला लक्षात येतं की आपण उभ्याउभ्या खातोय आणि चव तर कळतच नाहीये.

माझ्याकडे समुपदेशनाला येणारी माणसं हे सांगताना आवाज खाली आणतात, जणू चोरी कबूल करतायत. 'आमच्या आहारतज्ज्ञ बाईंना कळू देऊ नका' असंही म्हणतात. तिकडे वजनाचा काटा हलत नाही म्हणून तक्त्यातला आणखी एक फुलका कमी होतो, आणि साडेदहाचा डबा आणखी लवकर रिकामा व्हायला लागतो. हे चक्र मी इतक्यांदा पाहिलंय की एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते : हा अधाशीपणा नाही आणि निर्धाराची कमतरताही नाही. त्या वेळी ते खाणं तुमच्यासाठी काहीतरी काम करत असतं. ते काम कोणतं हे कळलं नाही, तर डबा कितीही उंच फळीवर ठेवा, खुर्ची ओढून काढला जातोच.

पुढच्या पायऱ्या मी त्याच क्रमाने दिल्यात ज्या क्रमाने त्या करून बघाव्यात. एका आठवड्यात सगळ्या उरकू नका. दोन-अडीच महिने लागतील असं धरून चाला.

पोटाची भूक आणि मनाची भूक

पोटाची भूक हळूहळू चढते. तिला पोळी-भाजी चालते, वरण-भात चालतो, सकाळची भाकरीही चालते. मनाची भूक अचानक उठते आणि तिला ठरावीकच काहीतरी हवं असतं, बहुधा कुरकुरीत, खारट किंवा गोड. म्हणून स्वतःला विचारायचं : 'आत्ता कुणी भाकरी आणि मेथीची भाजी वाढली तर खाईन का?' उत्तर 'हो' आलं तर बसून नीट जेवा, ती खरी भूक आहे. 'नको, मला बाकरवडीच हवी' असं आलं, तर हवंय ते काहीतरी वेगळं आहे. ही कसोटी बिनचूक नाही, कारण पुष्कळदा दोन्ही भुका हातात हात घालून येतात. पण प्रश्न विचारण्यापुरते तुम्ही थांबता, आणि सुरुवातीला तेवढंही पुरे असतं.

हिल्डे ब्रूख या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी गेल्या शतकात एक मुद्दा मांडला होता. भूक आणि इतर अस्वस्थता यांतला फरक मूल जन्मतः घेऊन येत नाही. मोठी माणसं त्याच्या रडण्याला कसा प्रतिसाद देतात त्यातून ते हा फरक शिकतं. आपल्या घरांत हे किती सहज दिसतं! पडून गुडघा खरचटला की बिस्कीट, इंजेक्शन टोचलं की चॉकलेट, पहिला नंबर आला की पेढे. यात आई-आजीचा दोष काढायचा नाही. माया दाखवायची ती त्यांची रीत होती. पण शरीराने तेव्हा गिरवलेला धडा चाळिशीतही विसरलेला नसतो.

आणि हे फक्त दुःखातच होतं असं नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त डबे उघडले जातात ते शिणवट्याने आणि कंटाळ्याने.

पहिली पायरी : आधी वेळेवर, पोटभर जेवा

मनाबद्दलच्या लेखात जेवणाचं वेळापत्रक कशाला, असं वाटेल. पण ही पायरी गाळून पुढची कुठलीच जमत नाही.

१९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, हे समजून घेण्यासाठी हे तरुण स्वेच्छेने तयार झाले होते. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटलं, पण त्याहून बोलका होता तो मनातला बदल. ज्यांना आधी स्वयंपाकात काडीचा रस नव्हता, ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. ताटं चाटू लागले. स्वभाव चिडचिडे आणि उदास झाले. प्रयोग संपून भरपूर अन्न मिळू लागल्यावरही काहींना कितीतरी दिवस पोट भरल्यासारखं वाटेना. ही सगळी धडधाकट, मानसिक तपासणी करून निवडलेली मुलं होती. उपाशी शरीर मनाला अन्नाभोवतीच फिरवतं, हे त्यावरून समजून घ्यावं.

आपल्याकडे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' असं हसत हसत म्हणतात. त्या म्हणीत माणसाची लबाडी पाहिली जाते. मला त्यात शरीराचा साधा हिशेब दिसतो.

तेव्हा करायचं असं : दिवसात तीन जेवणं आणि एक-दोन मधली खाणी, वेळा ठरवून. दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. खाण्याच्या विकारांवर ऑक्सफर्डमध्ये क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी जी उपचारपद्धती घडवली, तिच्यातही नियमित खाणं अगदी सुरुवातीलाच येतं. सगळ्यात महत्त्वाचं ते संध्याकाळचं पाचचं खाणं. दुपारी एकला डबा खाल्ला आणि थेट रात्री नऊला जेवलं, तर मधल्या आठ तासांत शेव-फरसाणापासून हात वाचवणं कुणालाही अवघड. पाच वाजता मूठभर भाजलेले चणे आणि ताक, एखादं उकडलेलं अंडं, मोड आलेल्या मटकीची वाटी, असं काहीतरी डब्यात घेऊनच निघा. आहारतज्ज्ञांच्या तक्त्यात पाचचं खाणं नसेल, तर रात्रीचं काय होतं ते त्यांना खरं सांगा आणि ते तक्त्यात घालून मागा.

घरातल्या बायकांसाठी आणखी एक. सगळ्यांना गरम गरम वाढून शेवटी उरलंसुरलं, तेही उभ्याने खायचं, याला जेवण म्हणू नका. सगळ्यांबरोबर पानावर बसा. पहिले काही दिवस घरात थोडं अवघडल्यासारखं होईल, मग सवय होते.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधं घेत असाल, तर एक गोष्ट लक्षात ठेवाच. अचानक हात थरथरणं, घाम फुटणं, छातीत धडधडणं आणि खा-खा सुटणं हे साखर उतरल्याचं लक्षण असू शकतं. तिथे मनाची परीक्षा घ्यायची नाही. साखर तपासा, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लगेच गोड घ्या. स्टेरॉइड आणि काही मानसिक आजारांवरची औषधंही भूक वाढवतात. ती स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला.

दुसरी पायरी : दोन आठवड्यांची नोंद

एक छोटी वही घ्या, किंवा मोबाईलमध्ये लिहा. कॅलरी मोजायच्या नाहीत. मनासाठी खाल्लं असं वाटेल तेव्हाच सहा गोष्टी टिपायच्या : वेळ, जागा, आधीच्या तासाभरात काय घडलं, मनात काय चाललं होतं, काय खाल्लं, आणि खाल्ल्यावर पाच मिनिटांनी कसं वाटलं. नमुना म्हणून एक नोंद :

'बुधवार, सायंकाळी ७.१०. स्वयंपाकघर, उभ्याने. ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर फाइल परत दिली. लोकलला उशीर. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, आज भाजी कुठली? मनात : माझ्याकडे कुणी बघतच नाही. शेव-पापडी, अर्धं पाकीट. नंतर : खाताना बरं वाटलं, मग स्वतःचाच राग आला.'

एवढंच. नोंद लगेच करा. रात्री आठवून लिहिली की मन तिला साफसूफ करतं. जे खाल्लं ते 'नालायकपणा केला' अशा शब्दांत लिहू नका, नुसतं 'अर्धं पाकीट' लिहा. पोलिसांच्या पंचनाम्यासारखी कोरडी भाषा इथे बरी.

दहा-बारा नोंदी झाल्या की वही निवांत वाचा आणि रंगीत पेनाने खुणा करा. माणूस म्हणतो 'मी दिवसभर खातो', आणि वहीत दिसतं की सगळं संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ याच वेळात घडतंय, तेही कामाच्या दिवशी. कुणाचं रविवारी दुपारी होतं, मुलांचे परदेशातून येणारे फोन संपल्यावर. कुणाचं महिन्यात पाळीच्या आधीचे चार दिवसच. शत्रू चोवीस तास दारात उभा नाही, दिवसातल्या दोन तासांपुरताच येतो, हे कळल्यावर पुष्कळांना पहिल्यांदा श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो.

तिसरी पायरी : साखळी उलटी उलगडा

मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या मानसोपचारात एक तंत्र वापरतात, तेच इथे उपयोगी पडतं. एक प्रसंग घ्यायचा आणि शेवटापासून मागे मागे जायचं. वरचाच बुधवार घेऊ.

शेव का खाल्ली? ओट्यावर पाकीट होतं. ओट्यावर का होतं? मुलाने दुपारी उघडलं होतं. तुम्ही थेट ओट्यापाशी का गेलात? पर्स ठेवल्या ठेवल्या भाजीचं विचारलं गेलं म्हणून. त्याआधी? लोकलमध्ये पाऊण तास उभं राहून डोक्यात साहेबांचं बोलणं घोळवत होतात. त्याआधी? फाइल परत आली तेव्हा एक शब्द बोलला नाहीत. त्याआधी? दुपारचा डबा मीटिंगमुळे अर्धाच खाल्ला. आणि त्याच्याही आधी? आदल्या रात्री पाच तासच झोप झाली.

पाहिलंत? साखळीत सात कड्या आहेत आणि शेव फक्त शेवटची. सगळी माणसं ती शेवटची कडी तोडायला जातात, जी सगळ्यात मजबूत असते. आधीची कुठलीही एक कडी सैल केली तरी चालतं : डबा पूर्ण खाणं, लोकलमध्ये मैत्रिणीला जे झालं ते सांगणं, घरी आल्यावर पंधरा मिनिटं कुणी काही विचारायचं नाही असं ठरवणं. झोपेची कडी तर विशेष. अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि तृप्ती सांगणारं लेप्टिन घटतं, असं प्रयोगांत दिसलंय.

अशा तीन-चार साखळ्या उलगडल्या की खाण्याचं काम स्पष्ट व्हायला लागतं. कुणासाठी ते विसावा असतं, दिवसातली एकमेव हक्काची दहा मिनिटं. कुणासाठी सोबत, कुणासाठी बक्षीस. कुणासाठी गिळलेला राग. आणि काहींसाठी ते बंड असतं : दिवसभर सगळ्यांचं ऐकलं, आता हे एक तरी माझ्या मनाने करीन. या शेवटच्या प्रकारातल्या माणसांना तक्ता जितका कडक द्याल तितकं बंड वाढतं. डॉक्टरांनीही हे लक्षात घ्यायला हवं.

चौथी पायरी : 'टेन्शन' हा शब्द महिनाभर बाजूला ठेवा

नोंदवहीत 'मनात काय होतं' या रकान्यात दहापैकी आठ वेळा 'टेन्शन' लिहिलेलं असतं. टेन्शन ही भावना नव्हे. ते गाठोडं आहे, सोडून पाहिल्याशिवाय आत काय ते कळत नाही.

मराठीत मनाच्या अवस्थांना किती शब्द आहेत! चिडचिड, घुसमट, हुरहुर, धास्ती, हिरमोड, शीण, ओशाळलेपण, रितेपण, तगमग, रुखरुख, मनाला लागणं, जीव टांगणीला लागणं. प्रत्येकाचा उपाय वेगळा. शीण आला तर पडायला हवं, घुसमट असेल तर बोलायला हवं. हुरहुर कुणाला तरी फोन केल्याने कमी होते. रुखरुख राहिलेलं काम केल्याने जाते. सगळ्यांना 'टेन्शन' म्हटलं की सगळ्यांवर एकच औषध उरतं, डब्यातलं.

असे पंधरा-वीस शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि खावंसं वाटलं की त्यातला नेमका शब्द शोधा. तो पुटपुटा : 'हा हिरमोड आहे.' यामागे कारण आहे. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं की भावनेला शब्द दिला, की मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, अमिग्डालाची, खळबळ कमी होते. खावंसं वाटणं त्याने नाहीसं होणार नाही. त्याची धार बोथट होईल.

पाचवी पायरी : लाट येऊ द्या, ओसरू द्या

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे अ‍ॅलन मार्लट आपल्या रुग्णांना सांगत की तलफ समुद्राच्या लाटेसारखी असते. चढते, शिखर गाठते, उतरते. आपण शिखरावरच घाबरून हार मानतो, म्हणून ती उतरताना कधी पाहिलेलीच नसते.

सराव असा. डबा उघडावासा वाटला की मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावा आणि स्वयंपाकघराबाहेर बसा. ओढ शरीरात कुठे जाणवतेय ते बघा : जबड्यात, घशाशी, छातीत, बोटांत. दहापैकी किती तीव्र आहे याला आकडा द्या. श्वास चालू द्या, तीन मिनिटांनी पुन्हा आकडा द्या. ओढीशी भांडायचं नाही, तिला हाकलायचं नाही. ती आहे आणि मी इथे बसलोय, एवढंच.

दहा मिनिटांनी तरी खायचं असेल तर खा. हे मी मनापासून सांगतेय. फक्त ताटलीत वाढून घ्या, बसून खा, टीव्ही-मोबाईल बंद ठेवा आणि पहिल्या चार घासांची चव नीट घ्या. जेवणाआधी हात जोडून श्लोक म्हणायची जी पद्धत होती, तिचा एक फायदा हाच, की घास तोंडात जाण्याआधी मन पानावर येई. पुष्कळांना असा अनुभव येतो की चव घेत खाल्लेल्या चार बाकरवड्या पुरतात, आणि उभ्याने खाल्लेलं पाकीट पुरत नाही.

ओढ सहन करण्याचं हे शिक्षण वजनाच्या उपचारात जोडून पाहिलं गेलंय. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात इव्हान फॉर्मन यांच्या गटाने १९० जणांवर केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. वर्षअखेर नेहमीच्या पद्धतीने सरासरी ९.८ टक्के वजन उतरलं, तर नकोशा भावना आणि ओढ यांना जागा देऊन आपल्या मोलाच्या गोष्टींकडे चालत राहायला शिकवलेल्या गटात १३.३ टक्के. उपचार संपल्यावर पुढे हा फरक ओसरत गेला. म्हणजे सराव सुटला की गुण उतरतो, हेही त्यातून घ्यायचं.

सहावी पायरी : 'जर–तर' आधीच लिहून ठेवा

मन पेटलेलं असताना विचार सुचत नाहीत, म्हणून ते थंड डोक्याने आधीच करून ठेवायचे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की 'मी कमी खाईन' अशा नुसत्या संकल्पापेक्षा 'जर असं झालं, तर मी हे करीन' असं ठरवलेलं जास्त पाळलं जातं.

इथे चूक होते ती अशी, की सगळ्यांना एकच पर्याय सुचवला जातो : फिरायला जा, पाणी प्या. दिवसभर राबून आलेल्या बाईला 'फिरायला जा' म्हणणं हा उपाय नव्हे, शिक्षा आहे. पर्यायाने तेच काम केलं पाहिजे जे खाणं करत होतं. विसावा हवा असेल, तर : 'जर घरी आल्यावर डोकं भणभणत असेल, तर चप्पल काढून थेट खोलीत जाईन आणि पंखा लावून पंधरा मिनिटं पाठ टेकीन.' सोबत हवी असेल, तर : 'जर जेवणानंतर घर खायला उठलं, तर बहिणीला फोन करीन.' राग असेल तर जे तोंडावर बोलता आलं नाही ते कागदावर खरडायचं आणि फाडायचं. हात रिकामे असतील तर विणकाम, शब्दकोडं, कपड्यांच्या घड्या. बक्षीस हवं असेल तर आठवड्याला स्वतःवर थोडे पैसे खर्च करा : मोगऱ्याचा गजरा, नाटकाचं तिकीट, निवांत डोक्यावरून अंघोळ. तीनच वाक्यं लिहा, जास्त नकोत, आणि फडताळाच्या दाराला आतून चिकटवा.

'पण खाल्ल्याशिवाय मला बरंच वाटणार नाही' ही शंका येतेच. ज्या मिनेसोटा विद्यापीठाचा वर उल्लेख आला, तिथेच यावर एक प्रयोग झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. लोकांना मन खिन्न करणारी दृश्यं दाखवली. मग काहींना त्यांचा हमखास दिलासा देणारा खाऊ दिला, काहींना दुसरं काही, काहींना काहीच नाही. थोड्या वेळाने सगळ्यांचाच मूड सारखाच सावरला. श्रेय मात्र आपण खाऊला देतो, कारण तो त्या वेळी हातात असतो.

सातवी पायरी : मनातल्या वाक्यांना उत्तर द्या

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी माणसांपर्यंत पोचवण्यात डॉ. कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. तिचं सार : घटना आपल्याला थेट अस्वस्थ करत नाही, घटनेबद्दल आपण स्वतःशी जे बोलतो ते करतं. विशेषतः 'च' लावलेली वाक्यं : झालंच पाहिजे, मिळालंच पाहिजे.

खाण्याच्या बाबतीत चार वाक्यं पुन्हा पुन्हा भेटतात.

'आता मोडलंच आहे, तर आजचा दिवस गेला.' सगळ्यात घातक वाक्य हे. १९७५ साली हर्मन आणि मॅक यांनी काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम चाखायला बसवलं. एरवी डाएट न करणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत डाएट करणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे असं वाटलं की बांध फुटतो. उत्तर : 'एक लाडू खाल्ला. एका लाडवाने एक लाडूच होतो, दिवस जात नाही.'

'पानात टाकायचं नाही.' अन्नाचा मान राखायचा तो आधी कमी वाढून. उरलेलं डब्यात जातं. पोट काही शिळं ठेवायचा डबा नाही.

'मी एवढी राबते, मला एवढंही नाही का?' याचा पहिला अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे. उत्तर : 'हो, मलाही काहीतरी मिळायला हवं. काय मिळालं तर सकाळी उठल्यावरही बरं वाटेल?'

'ही अस्वस्थता मला सहन होणार नाही.' आजवर कितीतरी वेळा सहन केलीत. नकोशी आहे, असह्य नाही.

खाल्लं गेलं, आता पुढे

हे होणारच आहे, म्हणून त्याची तयारी पायऱ्यांइतकीच महत्त्वाची. पुढचं जेवण टाळू नका. भरपाई म्हणून उपास, दोन तास जास्त चालणं, यातलं काही नाही. पुढचं खाणं ठरलेल्या वेळी, ठरलेलं. दुसऱ्या सकाळी काट्यावर उभे राहू नका. खारट खाण्याने शरीरात पाणी धरलं जातं आणि आकडा उगाच घाबरवतो.

आणि स्वतःला शिव्या घालू नका. २००७ साली अ‍ॅडम्स आणि लिअरी यांनी तरुणींना आधी डोनट खायला दिला. त्यांतल्या काहींना दोन समजुतीचे शब्द सांगितले : असं सगळेच खातात, स्वतःला बोल लावू नका. नेहमी डाएटवर असणाऱ्यांपैकी ज्यांनी हे शब्द ऐकले, त्यांनी पुढे ठेवलेल्या गोळ्या-चॉकलेटं कमी खाल्ली. स्वतःशी मऊ बोललं तर आपण सोकावू, ही भीती पुष्कळांना असते. मला उलटंच दिसत आलंय. लाज वाटली की माणूस लपून खातो, आणि लपून खाल्लेलं दुप्पट होतं.

आग्रह आणि शेरे

'अगं, डाएटवर आहेस ना? मग हे काय?' हे वाक्य घरात एकदा उच्चारलं गेलं की पुढचं खाणं दाराआड जातं. घरच्यांना एकदा शांतपणे बसवून सांगा : 'माझ्या ताटाबद्दल कुणी बोलायचं नाही. मदत करायची असेल तर संध्याकाळी मला पंधरा मिनिटं द्या.'

लग्न, बारसं, गणपती इथला आग्रह प्रेमाचाच असतो. 'डाएट आहे' म्हटलं की वाद सुरू होतो. 'मावशी, श्रीखंड अप्रतिम झालंय, आता पोट भरलं, थोडं घरी बांधून द्या' म्हटलं की मावशीचाही मान राहतो. पुरणपोळी खायचीच असेल त्या दिवशी तूप घालून, सगळ्यांसोबत, आनंदाने खा. ते मनासाठीचं खाणंच आहे आणि त्यात काही गैर नाही.

वजनासाठी इंजेक्शन चालू असेल किंवा शस्त्रक्रिया करायची असेल तर

२०२५ साली टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही वजन कमी करणारी इंजेक्शनं भारतात आली. या औषधांनी भूक आणि डोक्यातला अन्नाचा सततचा घोष बराच शांत होतो. पण संध्याकाळी सातचा रितेपणा तसाच राहतो, आणि आता त्याच्यावरचं जुनं औषध, म्हणजे खाणं, हाती नसतं. म्हणून काही जणांना या काळात उदास वाटतं, किंवा हात खरेदीकडे, दारूकडे वळतो. औषधाने मिळालेली ही शांतता वरच्या पायऱ्या शिकायला वापरा. पुढे कधी औषध थांबवावं लागलं, तर हीच शिदोरी कामाला येईल. शस्त्रक्रियेनंतर पोट लहान झालं तरी आइस्क्रीम, मिल्कशेक, थोडं थोडं चघळत राहणं याला ते अडवत नाही. शस्त्रक्रियेआधीच्या मानसिक तपासणीत 'सगळं ठीक' असं सांगून मोकळं होऊ नका. साडेदहाच्या डब्याबद्दल तिथेच बोला.

तज्ज्ञांकडे कधी जायचं

थोड्या वेळात खूप जास्त खाल्लं जातंय, थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही, नंतर स्वतःची शिसारी येते, आणि हे आठवड्यातून एकदा तरी असं तीन महिने चाललंय, तर तो अनावर खाण्याचा आजार असू शकतो. अल्बर्ट स्टंकर्ड यांनी त्याचं वर्णन १९५९ सालीच केलं होतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तकात २०१३ साली तो स्वतंत्र आजार म्हणून आला. त्यावर उपचार आहेत. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं, दिवसेंदिवस उपाशी राहणं, सतत उदास वाटणं, जीव नकोसा होणं, यांतलं काहीही असेल तर वजनाचा विषय बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येतं.

जाताना ती नोंदवही बरोबर न्या. सगळं तोंडाने सांगणं जड जाईल. वही उघडून पुढे ठेवली आणि 'हे वाचा' म्हटलं, तरी पहिल्या भेटीचं अर्धं काम झालेलं असेल.